भाषा, बुद्धि व परमेश्वराची कल्पना

भाषा, बुद्धि व परमेश्वराची कल्पना या तीन गोष्टींचा परस्परांशीं संबंध काय, हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे, असा सामान्य समज आहे. आमचाही तसाच समज होता. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें हा प्रश्न आमच्यापुढें उभा केला. त्या प्रसंगापासूनच या पाठाचा आरंभ करणें इष्ट होईल. कारण त्यांत चूक आमची आहे, आणि शिक्षकाच्या चुकीपासून विद्यार्थ्यांना पुष्कळ शिकतां येतें.

नीतिशिक्षणाच्या तासास आम्हीं मुलांना सांगितलें होतें कीं, प्रत्येकानें आपल्या मनची एक प्रार्थना वहींत लिहून आणावी. वर्गांत मंद म्हणून गणल्या गेलेल्या एका मुलानें आपल्या घरच्या बोलींत दहा-बारा ओळी लिहून आणल्या. त्याचे आजोबा आजारी होते. वाडीला आतां पाणी कोण लावील, आजोबा रात्रीं कण्हतात तें देवाला ऐकूं येतें काय, आणि येत असल्यास तो गप्प कां बसतो, असें त्यानें सरळ विचारलें होतें. आम्हीं बोलींतील एकूण एक शब्द तांबड्या शाईनें खोडला, त्यावर शुद्ध मराठी शब्द लिहिला, आणि खालीं शेरा दिला : "देवाशीं शुद्ध भाषेंत बोलावें." पुढच्या आठवड्यास त्यानें दुसरी प्रार्थना लिहून आणली. तींत एकही चूक नव्हती. तींत आजोबांचा उल्लेखही नव्हता.

भाषा सुधारली म्हणून प्रथम आम्हांस समाधान वाटलें. भाषेबरोबर मुलाचा विचारही वहींतून निघून गेला आहे, हें ध्यानांत यावयास कांहीं दिवस लागले. ज्याला आम्ही मंदबुद्धि समजत होतों, त्यानें वस्तुतः ईयोबाचाच प्रश्न विचारला होता. न्यायी परमेश्वराच्या राज्यांत निरपराध मनुष्यानें दुःख कां भोगावें, हा तो प्रश्न; आणि तो विचारण्यास जी बुद्धि लागते, ती त्या मुलापाशीं होती. त्याच्यापाशीं नव्हती ती केवळ आम्हांस मान्य असलेली भाषा.

तेव्हां विद्यार्थीमित्रहो, आज आपण तीन प्रश्नांचा विचार करूं. शब्द बुद्धीला कोणतें साह्य करतो? शब्दावांचून देवाची कल्पना मनांत येऊं शकते काय? आणि ती कल्पना एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत नेतांना काय घडतें?

शब्दाचें कार्य

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभें राहिलें असतां पाणी चढतांना व उतरतांना दिसतें. बगळ्यालाही तें दिसतें. ओहोटीची वेळ साधून तो चिखलांत मासे टिपावयास उतरतो. मग कोळ्याच्या मुलापाशीं बगळ्याहून अधिक काय आहे? त्याच्यापाशीं 'उधाण' व 'भांग' हे दोन शब्द आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती फार चढते व ओहोटी फार उतरते, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास पाणी बेताचें चढतें व बेताचेंच उतरतें, तो भांग. डोळ्यांना दिसतें तें केवळ आजचें पाणी. उधाण म्हणून जो नियम आहे, तो डोळ्यांना दिसत नाहीं. शेंकडों भरत्यांची तुलना करून बुद्धीनें तो जाणला, आणि शब्दानें तो बांधून ठेवला. त्यामुळें आजोबांचा सबंध आयुष्याचा अनुभव नातवाला एका शब्दांत मिळतो, आणि चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणानें भरती येते हें शास्त्र शाळेंत शिकतांना त्या शब्दाचा त्याला आधार होतो.

यावरून शब्दाचें कार्य ध्यानांत येईल. जें समोर नाहीं, तें शब्द मनासमोर आणतो. 'उद्यां' हा दिवस कोणास बोटानें दाखवितां येत नाहीं. न्याय, क्षमा, वचन, कृतज्ञता यांपैकीं एकही वस्तु बाजारांत मांडलेली सांपडावयाची नाहीं. तरीही यांच्यावांचून मनुष्याचा एक दिवसही चालत नाहीं. देवाची कल्पना याच जातीची, किंबहुना या सर्वांहून दूरची आहे. म्हणून पुष्कळांस असें वाटतें कीं, भाषा नसेल तेथें देवाची कल्पनाही नसणारच. आतां हें कितपत खरें आहे, तें पाहूं.

शब्दापूर्वींचा विचार

हेलन केलर हें नांव तुम्हांस ठाऊक असेल. अमेरिकेंत १८८० सालीं जन्मलेली ही मुलगी १९ महिन्यांची असतां आजारानें आंधळी व बहिरी झाली. ॲन सलिव्हन या शिक्षिका १८८७ च्या मार्च महिन्यांत तिच्या घरीं आल्या व तिच्या तळहातावर बोटांनीं अक्षरें काढून वस्तूंचीं नांवें शिकवूं लागल्या. कांहीं आठवडे ती नुसती नक्कल करीत असे. पुढें एके दिवशीं पंपाच्या धारेखालीं तिचा एक हात धरून शिक्षिकेनें दुसऱ्या हातावर 'पाणी' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला, आणि प्रत्येक वस्तूला नांव असतें, हा प्रकाश तिच्या मनांत पडला. शिक्षिका येण्यापूर्वीं आपण आहों याचीच आपणांस जाणीव नव्हती, असें तिनें प्रौढपणीं लिहून ठेविलें आहे. शब्द हातीं आल्यावर थोड्याच वर्षांत ती बोस्टनचे धर्मोपदेशक फिलिप्स ब्रुक्स यांना देवाविषयीं प्रश्न विचारूं लागली. हें एवढेंच उदाहरण घेतलें, तर शब्द आधीं व विचार नंतर, असा निर्णय द्यावा लागेल.

परंतु दुसरें उदाहरणही तितकेंच लक्षांत घेण्याजोगें आहे. मेल्व्हिल बॅलर्ड नांवाचे एक कर्णबधिर गृहस्थ वॉशिंग्टन येथील कर्णबधिरांच्या महाविद्यालयांत शिक्षक होते. लिहावाचावयास शिकण्यापूर्वींची आपली आठवण त्यांनीं सांगितली, व विल्यम जेम्स या तत्त्वज्ञानें मानसशास्त्रावरील आपल्या १८९० सालच्या ग्रंथांत ती नमूद केली. लहानपणीं वडिलांबरोबर गाडींतून जातांना, आजूबाजूची सृष्टि पाहून, 'हें जग आलें कोठून?' असा प्रश्न आपल्या मनांत आला, असें बॅलर्ड म्हणतात. त्या वेळीं घरच्यांशीं ते केवळ हातवाऱ्यांनीं बोलत असत.

या आठवणीबद्दल शंकाही घेतली गेली आहे. मोठेपणीं शिकलेल्या शब्दांत लहानपणचा निःशब्द विचार जसाच्या तसा उतरला, हें बॅलर्ड यांना निश्चयानें सांगतां येईल काय, असें विट्गेन्स्टाइन या तत्त्वज्ञानें विचारलें. शंका रास्त आहे. तरीही दोन्ही उदाहरणें एकत्र ठेवलीं असतां आम्हांस असें वाटतें कीं, प्रश्न पडण्याची शक्ति बुद्धीच्या मूळ स्वभावांतच आहे. शब्द तो प्रश्न निर्माण करीत नाहीं, तर त्याला सोबत देतो. शब्दावांचून पडलेला प्रश्न मनांत एकटाच राहतो. तो दुसऱ्याला विचारतां येत नाहीं, त्याचें उत्तर तपासतां येत नाहीं, चूक झाली असल्यास कोणाकडून दुरुस्तही करून घेतां येत नाहीं. शब्द मिळतांच तोच प्रश्न आजोबांचा, गांवाचा व मागच्या सर्व पिढ्यांचा होतो.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याला बोलतां येत नाहीं त्याला बुद्धीही नाहीं, अशी समजूत जगांत शतकानुशतकें होती, व तिच्यामुळें कर्णबधिर मुलांवर मोठा अन्याय झाला. मुंबईस १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें अशा मुलांची शाळा निघाली. आपल्या देशांतील या प्रकारच्या आद्य शाळांपैकीं ती एक होय. हातांच्या खुणांनाही पूर्ण व्याकरण असतें, त्याही परिपूर्ण भाषाच आहेत, हें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भाषाशास्त्रानें सिद्ध केलें. जी भाषा आपणांस कळत नाहीं, ती बोलणाऱ्यास बुद्धि नाहीं असें ठरवावयाचें, ही ती जुनी चूक. तांबडी शाई हातीं घेऊन आम्हींही तीच चूक केली होती.

एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत

आतां तिसरा प्रश्न. देवाविषयींची एखादी कल्पना एका लोकांच्या भाषेंतून दुसऱ्यांच्या भाषेंत न्यावयाची असल्यास कोणता शब्द घ्यावा? ज्यांना हें काम करावें लागलें, त्यांत आपल्या वसईशीं संबंध असलेले पुरुषही आहेत.

संत फ्रान्सिस झेवियर हे वसईस येऊन गेले होते. ते १५४९ सालीं जपानांत पोंचले. तेथें त्यांनीं परमेश्वराकरितां 'दाइनिची' हा शब्द घेतला. कारण तोच योग्य शब्द आहे असें त्यांना सांगण्यांत आलें होतें. लोक आदरानें ऐकूं लागले. परंतु हें नांव बौद्ध धर्मांतील एका पंथाच्या परमपूज्य बुद्धाचें आहे, आणि आपण सांगतों एक व ऐकणारा समजतो दुसरेंच, हें १५५१ च्या सुमारास त्यांच्या ध्यानांत आलें. तेव्हां त्यांनीं तो शब्द टाकला व 'देउस' हा लॅटिन शब्द घेतला. परंतु त्यानेंही अडचण संपली नाहीं. कारण 'मोठें असत्य' या अर्थाच्या जपानी शब्दांशीं त्याचा उच्चार जुळतो, असें दाखवून विरोधक त्याची थट्टा करूं लागले. ओळखीचा शब्द घ्यावा तर त्याबरोबर जुना अर्थ येतो. परका घ्यावा तर अर्थच येत नाहीं. भाषांतरकाराचें सारें संकट या दोन वाक्यांत आहे.

त्याच जपानांत पुढें आपल्या वसईचा एक पुत्र दुभाषी झाला. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई या देशची होती. तरुणपणीं जपानांत राहून त्यांनीं तेथील भाषा उत्तम आत्मसात केली. मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून प्रवेश केल्यावर, १५९३ सालीं जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेलेल्या मंडळींत ते दुभाषी होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २५ सोबत्यांसह त्यांना क्रूसावर देहदंड झाला, व १८६२ सालीं त्यांना संतपद देण्यांत आलें. ज्या घरांत आई एका भाषेची व वडील दुसऱ्या भाषेचे, त्या घरांतील मुलाला एकच गोष्ट दोन प्रकारें सांगण्याची संवय लहानपणींच लागली असावी, असा तर्क करण्यास हरकत नाहीं. घरीं दोन भाषा असणें हें बुद्धीस ओझें आहे, असें मानणाऱ्या पालकांनीं या संताचें स्मरण ठेवावें.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्यें जन्मले व १५७९ सालीं गोव्यास आले. साष्टी प्रांतांत राहून त्यांनीं येथील भाषा अभ्यासिल्या आणि जवळजवळ ११,००० ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' रचिलें. तें १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. त्यांत मराठीची जी स्तुति आहे, ती शालेय पुस्तकांतून तुम्हीं वाचली असेल. परंतु त्यांच्या बुद्धीचें खरें दर्शन त्यांनीं केलेल्या शब्दांच्या निवडींत होतें. ऐकणाऱ्यांना पुराण ऐकण्याची संवय होती, म्हणून त्यांनीं पुराणाचेंच रूप घेतलें. परमेश्वर, मुक्ति, वैकुंठ हे शब्द निःशंकपणें वापरले. आणि जेथें देशी शब्दानें अर्थाचा घोटाळा होईल असें वाटलें, तेथें मात्र, उदाहरणार्थ पवित्र आत्म्याकरितां, परका शब्द ठेविला.

त्यानंतर तीनशें वर्षांनीं पंडिता रमाबाईंनीं (१८५८–१९२२) केडगांवच्या मुक्ति मिशनमध्यें बायबलाचें मराठी भाषांतर केलें. त्या संस्कृतच्या प्रकांड पंडिता असूनही त्यांनीं नेमका उलट मार्ग धरला. जुन्या धर्मकल्पना ज्यांना चिकटलेल्या आहेत असे संस्कृत शब्द टाळावेत, आणि खेड्यांतील सामान्य स्त्रीला कळेल असें साधें मराठी लिहावें, असा त्यांचा निश्चय होता. त्यासाठीं त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. स्टीफन्स व रमाबाई यांचे मार्ग भिन्न, परंतु चिंता एकच होती : ऐकणाऱ्याच्या मनांत काय पोंचतें? आम्हीं ती वही तपासतांना ही चिंता केली नव्हती.

शब्दाची मर्यादा

येथपर्यंत आपण शब्दाचा उपकार पाहिला. आतां त्याची मर्यादाही पाहिली पाहिजे. मोशेनें जळत्या झुडुपापाशीं देवाचें नांव विचारलें. त्याला जें उत्तर मिळालें, त्याचा अर्थ लावण्यांत विद्वानांची आयुष्यें गेलीं, आणि यहूदी लोक तर आदरानें त्या नांवाचा उच्चारच करीत नाहींत. संत थॉमस अक्वायनस यांनीं देवाविषयीं प्रचंड ग्रंथरचना केली. परंतु १२७३ च्या डिसेंबरांत त्यांनीं लेखणी खालीं ठेविली, आणि आपलें सारें लिखाण आपणांस आतां काडीकचऱ्यासारखें वाटतें, असे उद्गार काढले. आपल्या मराठींत ज्ञानेश्वरांनीं 'अमृतानुभवा'मध्यें शब्दाची थोरवी गाऊन त्याच शब्दाच्या खंडनास एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. भिन्न धर्मांचे हे थोर पुरुष या एका गोष्टींत एकमेकांच्या जवळ येतात. देव कोणत्याही शब्दांत मावत नाहीं, हें ज्यांनीं शब्दांची सर्वांत अधिक सेवा केली, त्यांनींच सांगितलें.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. जर लॅटिन, इंग्रजी, संस्कृत किंवा ग्रंथांतील शुद्ध मराठी यांपैकीं कोणतीच भाषा देवाला पुरी पडत नाहीं, तर वाडींतली बोली तेवढी अपुरी, असें म्हणण्याचा अधिकार कोणास पोंचतो? समुद्र मोजावयाचा असल्यास घागर आणि लोटी यांच्यांतील भेद क्षुल्लक होय.

आपलीं घरें व आपली भाषा

पालकांना आतां दोन शब्द सांगावयाचे आहेत. गोव्यांत १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढून, लोकांनीं तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावें, असें फर्माविलें. हुकूम गेला, कोंकणी राहिली. कारण तिला आयांनीं घराघरांत जपलें होतें. आपल्या वसईच्या देवळांतून मिस्साविधि शतकानुशतकें लॅटिनमध्यें होत असे. लोक श्रद्धेनें गुडघे टेकीत, परंतु शब्दांचा अर्थ फार थोड्यांस कळे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेंत लोकभाषेस वाव दिला, आणि पुढें वेदीवरून मराठी ऐकूं येऊं लागली. त्या मराठीला येथें किती चांगलें फळ आलें, तें फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या उदाहरणावरून दिसेल. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक व 'सुबोध बायबल'चे कर्ते असलेले हे वसईचे धर्मगुरु जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैमध्यें ते निवर्तले.

आज कोणीही हुकूम काढलेला नाहीं. तरीही सामवेदी, वाडवळी, कोळी या आपल्या बोल्या घरांतून मागें हटत आहेत. कारण मुलाची बुद्धि इंग्रजीनें वाढेल व बोलीनें खुंटेल, असें आपणच ठरविलें आहे. इंग्रजी अवश्य शिकवावी. जगाचीं पुष्कळ दारें तिनें उघडतात. शुद्ध मराठीही शिकवावी. तीवांचून ज्ञानेश्वर व स्टीफन्स दोघेही मुलांस परके होतील. परंतु नव्या भाषेची भर घालणें वेगळें, आणि जुनी काढून घेणें वेगळें. ज्या भाषेंत मूल रडतें, भांडतें व क्षमा मागतें, ती काढून घेतली, तर ज्या प्रश्नांना दुसऱ्या भाषेंत अद्याप शब्द मिळालेले नाहींत, ते प्रश्न तें विचारीनासें होतें. मग त्याला पाठ प्रार्थना येते, परंतु प्रार्थना करतां येत नाहीं.

म्हणून विद्यार्थीमित्रहो, या पाठाचा अभ्यास असा करावा. तुम्ही रोज म्हणतां त्या प्रार्थनेंतील एकच शब्द घ्या. 'राज्य', 'कृपा', 'क्षमा', कोणताही. तो आपल्या आजीला घरच्या बोलींत समजावून सांगा, आणि ती त्यावर काय म्हणते तें लक्षपूर्वक ऐका. तुम्हांस तो शब्द खरोखर समजला आहे कीं नाहीं, तें त्या वेळीं कळेल. बहुधा आजीच तुम्हांस कांहीं शिकवील.

राहतां राहिली त्या वहीची गोष्ट. चूक उमगल्यावर आम्हीं वर्गासमक्ष त्या मुलाची क्षमा मागितली. त्याचे आजोबा तोंवर वारले होते. पहिली प्रार्थना पुन्हां लिहून द्यावी, अशी आम्हीं त्याला विनंती केली. तो कांहीं वेळ खालीं पाहत उभा राहिला, आणि मग म्हणाला, "सर, ती मी घरीं रोज म्हणत होतों. वहींत नाहीं लिहिली इतकेंच."

त्यानें ती पुन्हां लिहून दिली नाहीं, व आम्हींही आग्रह धरला नाहीं. वहींत आमची तांबडी शाई होती. घरीं त्याचे शब्द सुरक्षित होते. पालकहो, आपल्या घरांत तेवढी जागा राखून ठेवा.